मत कोणाचें?

आपल्या भाषेंत ‘मत’ या एकाच शब्दानें दोन निरनिराळ्या वस्तूंचा बोध होतो. एखाद्या विषयासंबंधीं मनुष्याची जी धारणा असते तिलाही आपण मत म्हणतों, आणि निवडणुकीच्या दिवशीं तो जो कौल देतो त्यालाही मतच म्हणतों. इंग्रजींत या दोहोंस दोन स्वतंत्र शब्द आहेत, तेव्हां हें मराठीचें दारिद्र्य होय असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. ज्या कोणीं हा एक शब्द दोन्ही ठिकाणीं योजिला त्याच्या हातून, जाणून असो वा नकळत असो, एक मोठा सिद्धांत सांगितला गेला आहे. पेटींत पडणारें मत हें मनांतील मताचें दृश्य रूप होय. मनापासून तें तोडलें तर जें उरतें ती नुसती खूण.

हा सिद्धांत मान्य केला, म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. माझें मत मीं कोणाच्याही धाकावांचून दिलें. पण तें माझ्या मनांत तयार झालें तें दुसऱ्या कोणाच्या तरी पैशानें व दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीप्रमाणें, तर तें मत माझें म्हणावें काय? आणि अशीं मतें देणारांची संख्या मोठी असेल, तर त्या निवडणुकीस न्याय्य निवडणूक म्हणतां येईल काय? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे, कीं पेटींतील मताचें रक्षण करण्यांत आपल्या देशानें कांहीं थोडी काळजी घेतलेली नाहीं. १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हां सुमारें १७ कोटि स्त्रीपुरुषांचीं नांवें मतदारांच्या यादींत होतीं, आणि त्यांतील बहुसंख्यांस अक्षरओळख नव्हती. म्हणून चिन्हांची योजना करण्यांत आली. मतदान गुप्त ठेवण्यांत आलें. लांच देणें, धाक घालणें, धर्माच्या वा जातीच्या नांवानें मत मागणें हे कायद्यानें भ्रष्ट आचार ठरले. उमेदवाराच्या खर्चास मर्यादा घालण्यांत आली, आणि मतदान संपण्यापूर्वींच्या ४८ तासांत प्रचाराच्या सभा बंद झाल्या. एकानें दोनदां मत देऊं नये म्हणून बोटास शाई लावितात. १९८९ सालीं मतदानाचें वय २१ वरून १८ वर आणिलें गेलें. पुढें पेटीची जागा यंत्रानें घेतली, आणि यंत्राविषयीं शंका निघाल्या तेव्हां त्याला कागदी चिठ्ठीची जोड देण्यांत आली. कुंपण पुष्कळ उंच आहे. परंतु तें सारें पेटीभोंवतीं आहे. पेटींत पडावयाचें मत ज्या मनांत पिकतें, त्या मनाच्या वाटेवर पहारा फारसा कोठेंच नाहीं.

आणि तसा तो नसावा हेंच योग्य, असेंही एका अर्थानें म्हणतां येईल. कारण मनावरील पहारा म्हणजे सरकारचा पहारा, आणि त्याचा अनुभव या देशानें घेतलेला आहे. त्याकडे पुढें वळावयाचेंच आहे. तूर्त मत पिकतें कसें, तें पाहूं.

आपल्यापैकीं कोणीही आपल्या राज्यकर्त्यांस प्रत्यक्ष पाहून पारखीत नाहीं. धरण कोठें बांधलें, त्यास खर्च किती आला, कोणाची जमीन गेली व ठेका कोणास मिळाला, हें सारें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें एकट्या नागरिकास शक्य नाहीं. तो दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवितो. न्यायदर्शनांत ज्यास शब्दप्रमाण म्हटलें आहे तेंच लोकशाहींतील नागरिकाचें मुख्य प्रमाण होय. प्रत्यक्ष व अनुमान हीं त्याच्या वांट्यास क्वचित येतात. परंतु आपल्या शास्त्रकारांनीं शब्दास प्रमाण मानतांना एक अट घातली आहे. सांगणारा आप्त असला पाहिजे, म्हणजे त्याला वस्तूचें ज्ञान असलें पाहिजे, आणि जसें जाणलें तसेंच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. ज्ञान आहे पण इच्छा नाहीं, तो आप्त नव्हे. वर्तमानपत्र हें आधुनिक नागरिकाचें आप्तवाक्य होय. आणि तें आप्त राहिलें आहे काय, हा निवडणुकीच्या न्याय्यतेचा मूळ प्रश्न होय.

याचें उत्तर शोधतांना आपला स्वतःचा इतिहास फार उपयोगी पडतो. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं ‘दर्पण’ काढून मराठी पत्रसृष्टीचा पाया घातला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतकानें, १८८१ सालीं, ‘केसरी’ निघाला व आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर या दोघांनीं १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. पुढें सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचें बिनसलें, आणि ज्या पत्रासाठीं आपण तुरुंगांत गेलों त्याच पत्रांत आपलें मत मोकळेपणानें मांडतां येत नाहीं, असें आगरकरांस दिसून आलें. त्यांनीं १८८७ सालीं ‘केसरी’ सोडला आणि १८८८ सालीं ‘सुधारक’ काढला. या घटनेंत आपण सामान्यतः दोन थोर मित्रांचा वियोग पाहतों. तिची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याच्यापाशीं पैसा नव्हता अशा एका प्राध्यापकास, न पटणारें पत्र सोडून, दुसरें काढतां आलें. आणि पुण्याच्या वाचकास वादाच्या दोन्ही बाजू त्या त्या पक्षाच्याच तोंडून ऐकतां आल्या.

तीच गोष्ट १९२० सालीं पुन्हां घडली. ज्यांच्या दुःखास रूढ पत्रांत जागा नव्हती त्यांच्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं ‘मूकनायक’ काढलें, आणि शाहू महाराजांनीं त्यास २,५०० रुपयांचें साहाय्य केलें. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. तथापि एका उदार हितचिंतकानें मनावर घेतलें असतां तो पत्राचा पाया घालूं शकत होता. जुनीं पत्रें निःपक्षपाती होतीं, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. तीं आग्रही होतीं, प्रसंगीं कडवट होतीं, आणि समाजाच्या मोठ्या भागाचीं दुःखें त्यांस दिसतच नव्हतीं. तसें नसतें तर ‘मूकनायक’ काढण्याचें कारणच पडलें नसतें. माझें म्हणणें एवढेंच, कीं एक दार बंद झालें असतां दुसरें उघडतां येत होतें. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा खरा अर्थ मला या दुसऱ्या दारांत दिसतो. एकाच संपादकास सारें सत्य सांपडेल ही आशा व्यर्थ होय. अनेकांनीं एकमेकांचें असत्य उघडें पाडावें, एवढीच आशा शहाण्या मनुष्यास करतां येते.

हें दुसरें दार पुढें जड होत गेलें. १९४३ सालीं पुण्यास रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानांतच डॉ. आंबेडकरांनीं अशी तक्रार केली होती, कीं वृत्तपत्र हा पूर्वीं एक पेशा होता तो आतां व्यापार झाला, आणि साबणाच्या कारखानदाराहून अधिक नैतिक जबाबदारी त्यास वाटेनाशी झाली. त्यानंतरच्या ऐंशींहून अधिक वर्षांत व्यापार वाढला आणि व्यापारी मात्र मोठे होत गेले. याचें कारण कोणाच्या दुष्टपणांत शोधण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या खिशांत शोधावें. मोठ्या दैनिकाचा अंक तयार करून घरीं पोंचविण्यास जो खर्च येतो त्याहून कमी किंमतीस तो आपणांस मिळतो. उरलेला खर्च जाहिरातदार सोसतो. वृत्तवाहिन्यांचा संसार बहुतांशीं जाहिरातींवरच चालतो, आणि मोबाइलवर येणारी बातमी तर आपण फुकट घेतों. वाचकास हा सौदा स्वस्त वाटतो. परंतु ज्याची फी प्रतिपक्षानें भरली आहे असा वकील कोणी शहाणा पक्षकार ठेवील काय? जाहिरातदार नेहमींच वाचकाचा प्रतिपक्ष असतो असें नाहीं. पण दोघांचें हित जेथें विरुद्ध जाईल तेथें वकिलाची नजर कोणाकडे वळेल, हें सांगावयास नको. शिवाय मोठ्या जाहिरातदारांत खुद्द सरकारही आहे, हें विसरतां कामा नये.

खर्च वाढला कीं लहान मालक टिकत नाहीं, आणि त्याची जागा ज्याचे दुसरे मोठे उद्योग आहेत असा मालक घेतो. २०१४ सालीं रिलायन्स समूहानें नेटवर्क १८ ही कंपनी आपल्या ताब्यांत घेतली. २०२२ च्या अखेरीस अदानी समूहानें एनडीटीव्हीचा ताबा मिळविला. या मालकांनीं अमुक बातमी दाबली वा अमुक छापविली, असा आरोप मी करीत नाहीं. माझ्या मुद्द्यास त्याची जरूरीही नाहीं. न्यायाधीश कितीही प्रामाणिक असला तरी तो स्वतःच्या खटल्यांत न्यायासनावर बसत नाहीं. ज्याचे धंदे सरकारच्या परवान्यांवर व धोरणांवर अवलंबून आहेत, त्यानेंच सरकारची पारख करणाऱ्या साधनाचें मालक असावें, ही व्यवस्थाच सदोष होय. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ऑगस्ट २०१४ मध्यें अशी शिफारस केली होती, कीं राजकीय पक्षांस प्रसारणाच्या धंद्यांत येऊं देऊं नये, आणि एकाच हातीं वृत्तपत्र व दूरचित्रवाणी एकवटण्यास मर्यादा घालावी. त्या शिफारशींवरून कायदा झाला नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं मग कायदा करून मोकळें कां होऊं नये? त्याचें उत्तर असें, कीं एकदां तसा कायदा झाला होता, आणि त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९५२ सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. १९५४ सालच्या आपल्या अहवालांत त्यानें असें सुचविलें, कीं किती पानांस किती किंमत घ्यावी हें सरकारनें ठरवावें, म्हणजे बडें पत्र थोड्या पैशांत पुष्कळ पानें देऊन लहान पत्रास बुडवूं शकणार नाहीं. हेतु चांगला होता. १९५६ सालीं कायदा झाला व १९६० सालीं त्याखालीं हुकूम निघाला. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें तें मात्र कोणा कोट्यधीशाच्या साखळींतलें पत्र नव्हतें, डॉ. ना. भि. परुळेकर यांनीं १९३२ सालीं स्थापिलेलें पुण्याचें ‘सकाळ’ होतें. १९६१ सालीं न्यायालयानें तो कायदा रद्द केला. पत्राचीं पानें किंवा खप कमी करणें म्हणजे विचार लोकांपर्यंत पोंचविण्याचें स्वातंत्र्यच कमी करणें होय; आणि एकाचें स्वातंत्र्य वाढावें म्हणून दुसऱ्याचें छाटतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय आहे.

१९७२ सालीं हाच प्रश्न वृत्तपत्री कागदाच्या वांटपावरून पुन्हां निघाला, आणि बहुमतानें तसाच निकाल झाला. परंतु या वेळीं न्यायमूर्ति मॅथ्यू यांनीं भिन्न मत नोंदविलें. वृत्तपत्रस्वातंत्र्य हें केवळ मालकाचें नव्हे, अनेक बाजू ऐकूं येण्यांत लोकांचेंही हित आहे, या दृष्टीनें त्यांनीं प्रश्नाकडे पाहिलें. पुढें दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे ते अध्यक्ष झाले, आणि त्या आयोगानें १९८२ सालीं बहुमतानें अशी शिफारस केली, कीं वृत्तपत्रांची मालकी इतर उद्योगधंद्यांपासून वेगळी करावी. तीही कागदावरच राहिली.

तात्त्विक दृष्ट्या मला न्यायमूर्ति मॅथ्यूंचा विचार अधिक खोल वाटतो. पण त्यांच्या निकालानंतर तीनच वर्षांनीं, जून १९७५ मध्यें, आणीबाणी आली आणि छापण्यापूर्वीं मजकूर तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचें राज्य सुरू झालें. त्या दिवसांत मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या थोड्या खपाच्या मासिकानें मुंबईच्या उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि १९७६ सालीं न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. जो हात मोठ्या पत्राचीं पानें मोजूं शकतो तोच हात लहान पत्राचें तोंड बंद करूं शकतो, हें त्या वेळीं स्पष्ट झालें. म्हणून मी असा भेद करतों: मालक कोण असावा, एका हातीं किती असावें, आणि त्याचे इतर हितसंबंध लोकांस कळावे कीं नाहीं, या गोष्टी कायद्याच्या कक्षेंत अवश्य याव्या, काय छापावें हें मात्र त्या कक्षेंत कदापि येऊं नये. ही रेषा सोपी नाहीं. ती ओढावी लागेल हें मात्र खरें. कारण ती न ओढल्याचें फळ महाराष्ट्रानें चाखलें आहे.

ऑक्टोबर २००९ मध्यें आपल्या विधानसभेची निवडणूक झाली. त्या निवडणुकींतील एक प्रकार ‘हिंदू’ या इंग्रजी दैनिकाचे पत्रकार पी. साईनाथ यांनीं उजेडांत आणिला. परस्परांशीं चढाओढ करणाऱ्या मराठी पत्रांत एका पुढाऱ्याची स्तुति करणारा एकच मजकूर, शब्दशः तोच, निरनिराळ्या लेखकांच्या नांवानें व बातमी म्हणून छापला गेला होता. उमेदवारानें ठराविक रक्कम द्यावी व त्याबद्दल त्याच्या ठराविक ‘बातम्या’ याव्या, या व्यवहारास धंद्यांत ‘पॅकेज’ असें नांव पडलें होतें. वृत्तपत्र परिषदेनें परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी या दोन सभासदांची उपसमिति नेमिली. तिनें २०१० सालीं नांवनिशीवार अहवाल दिला. परिषदेनें तो समग्र प्रसिद्ध न करितां एक संक्षिप्त अहवाल काढला. मूळ अहवाल लोकांपुढें आला तो पुढील वर्षीं, माहितीच्या अधिकाराचें शस्त्र उपसल्यावर. जगाचें झांकलेलें उघडें करणें हा ज्या धंद्याचा धर्म, त्याच धंद्याचें झांकलेलें उघडें करण्यास नागरिकास कायद्याकडे जावें लागलें!

या प्रकारांत नीतिदृष्ट्या वाईट तें कोणतें, हें नीट वेगळें केलें पाहिजे. पैसे घेऊन स्तुति छापणें हा दोष नव्हे. जाहिरात तेंच करते. पण जाहिरात आपलें नांव सांगून दारांत येते. विकत घेतलेली बातमी आप्ताचा वेष घेऊन येते. ती जें सांगते तें कदाचित् खरेंही असेल. पण ‘हें मी कोणासाठीं सांगतें’ ही गोष्ट ती दडविते, आणि शब्दप्रमाणाचा पायाच काढून घेते. याहून मोठी हानि दुसरीच आहे. ज्या उमेदवारानें पैसे दिले नाहींत त्याची निंदा झाली नाहीं. तो दिसेनासा झाला. खोटें वाचणाऱ्यास निदान संशय तरी येऊं शकतो. जें छापलेंच गेलें नाहीं त्याचा संशय कोणास येणार?

कायद्याचा हात येथें किती तोकडा पडतो, हेंही पाहण्यासारखें आहे. ऑक्टोबर २०११ मध्यें निवडणूक आयोगानें उत्तर प्रदेशांतील एका आमदारास तीन वर्षें अपात्र ठरविलें. विकत घेतलेल्या बातम्यांवरून झालेली ही पहिली अपात्रता होय. पण अपराध कोणता ठरला? तो खर्च हिशेबांत दाखविला नाहीं, हा. मतदारांस फसविलें, हा अपराध कायद्याच्या पुस्तकांत नव्हता. बातमी विकत घेणें हाच निवडणुकीचा गुन्हा मानावा, असें विधि आयोगानें २०१५ सालीं सुचविलें. तीही सूचनाच ठरली.

पैशाचें नांव झांकण्याची ही कला पत्रांपुरतीच राहिली नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें निवडणूक रोख्यांची योजना निघाली. स्टेट बँकेंतून रोखा विकत घ्यावा व तो पक्षास द्यावा. देणाराचें नांव लोकांस कळूं नये, अशी ती व्यवस्था होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं ती एकमतानें घटनाबाह्य ठरविली. तोंपर्यंत १६,५०० कोटि रुपयांहून अधिक किंमतीचे रोखे विकले गेले होते. तपशील देण्यास बँकेनें ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकून जाईपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयानें ती नाकारली, आणि मार्चमध्यें नांवें बाहेर आलीं.

हें घडवून आणण्यास झटलेल्या अर्जदारांत जी संस्था प्रमुख होती तिचा जन्म कांहीं प्राध्यापकांच्या खटपटींतून झालेला आहे. अहमदाबादच्या व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थेंतील त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर प्रभृति मंडळींनीं १९९९ सालीं असोसिएशन फॉर डेमॉक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली, आणि उमेदवारानें आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता व शिक्षण हीं जाहीर करावीं म्हणून न्यायालयांत धांव घेतली. मे २००२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. तो निष्फळ करण्यासाठीं कायदा बदलण्यांत आला, आणि मार्च २००३ मध्यें न्यायालयानें तो बदलही रद्द केला. आज कोणत्याही उमेदवाराचें प्रतिज्ञापत्र कोणासही पाहतां येतें. पत्राचे मालक नव्हेत, पुढारी नव्हेत, अशा थोड्या माणसांच्या चिकाटीनें हें झालें.

परंतु येथेंच माझ्या विवेचनास एक आडवा प्रश्न येतो, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. माहिती मिळाल्यानें मत सुधारलें काय? त्याच संस्थेच्या गणनेप्रमाणें २०१४ सालीं निवडून आलेल्या खासदारांपैकीं १८५ जणांनीं आपल्यावर फौजदारी खटले असल्याचें जाहीर केलें होतें. २०२४ सालीं ही संख्या ५४३ पैकीं २५१ झाली. खटला म्हणजे दोषसिद्धि नव्हे, आणि राजकीय चळवळींतूनही खटले होतात, हें मी जाणतों. तरी एवढें खरें, कीं दिवा लावला म्हणजे लोक पाहतीलच असें नाहीं. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, कीं लोकांस सत्याची चाडच नाहीं, आणि त्यांच्या अज्ञानाचा दोष मालकांच्या माथीं मारणें व्यर्थ आहे.

हा निष्कर्ष मला उतावळेपणाचा वाटतो. प्रतिज्ञापत्र हा नुसता कागद आहे. तो वाचून, तपासून, मागील वर्षाच्या कागदाशीं ताडून, साध्या भाषेंत मतदारापुढें ठेवणारा कोणी तरी लागतो. आणि तें काम ज्याचें, त्याची मालकी व मिळकत कशी आहे हें आपण वर पाहिलेंच. माहिती असणें आणि ती माहीत होणें यांत जें अंतर आहे तें तोडण्यास मनुष्यबळ लागतें. तें अंतर तुटतें तेव्हां काय होतें, याचें उदाहरण मला शहरांत सांपडत नाहीं. तें राजस्थानच्या खेड्यांत सांपडतें.

१९९४ सालीं तेथें अरुणा रॉय व त्यांचे सहकारी यांच्या मजदूर किसान शक्ति संघटनेनें जन-सुनवाईची प्रथा सुरू केली. सरकारी कामावरील मजुरांचे हजेरीपट व खर्चाचे कागद मिळवावयाचे, आणि गांवकऱ्यांच्या सभेंत ते मोठ्यानें वाचावयाचे, एवढाच तो कार्यक्रम. अमका इतके दिवस कामावर होता, असें वाचलें जाई. आणि सभेंतून कोणी उठून सांगे, कीं तो तर कामावर गेलाच नव्हता. बांधकामासाठीं इतक्या गोण्या सिमेंट आलें, असें वाचलें जाई. आणि बांधकाम कोठेंच नाहीं हें साऱ्या गांवास ठाऊक असे. ज्यांना अक्षर येत नव्हतें अशा माणसांनीं तेथें वर्तमानपत्राचें काम केलें: कागद वाचविला, साक्ष काढली, खरें-खोटें निवडलें. १९९६ सालीं ब्यावर येथें त्यांनीं ४० दिवस धरणें धरलें. आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या चळवळीनंतर २००२ सालीं महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, आणि २००५ सालीं तो साऱ्या देशास मिळाला. ज्या शस्त्रानें पुढें वृत्तपत्र परिषदेचा दडलेला अहवाल बाहेर आला, तें शस्त्र असें रोजगारावरच्या माणसांनीं घडविलेलें आहे.

या हकीकतींत आम्हां सुशिक्षितांस लाजविणारें पुष्कळ आहे. मी कधीं कधीं विद्यार्थ्यांस विचारतों, कीं तुमच्या आमदाराचें प्रतिज्ञापत्र तुम्हांपैकीं कोणीं पाहिलें आहे काय? बहुधा हात वर येत नाहीं. त्यांना दोष देण्याचें मला कारण नाहीं. त्यांच्या घरींही ही चर्चा होत नसते. आपण मतदानाच्या दिवशीं शाई लागलेलें बोट अभिमानानें दाखवितों, आणि ज्या मतासाठीं ती शाई लागली तें मत सकाळीं दारांत पडलेल्या एका स्वस्त अंकावरून, रात्रीं चाललेल्या आरडाओरड्यावरून, किंवा कोणी पाठविलेल्या निनांवी संदेशावरून बनवितों. भाजीवालीकडे वांगें उलटून पाहणारे आपण, बातमी मात्र न पाहतां पिशवींत टाकतों.

मतदान हा हक्क आहे. पण जाणून घेणें हें कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्यास पैसे, वेळ व थोडा मनस्ताप लागतो. पैसे, कारण बातमीची खरी किंमत जो भरतो त्याचीच ती चाकरी करते. वर्गणीदारांच्या बळावर चालणारें एखादें स्वतंत्र पत्र प्रत्येक सुस्थित घरानें पोसावें, हें दानधर्मापेक्षां कमी महत्त्वाचें नाहीं. वेळ, कारण आपल्या पक्षाचें पत्र वाचून मिळतो तो संतोष, ज्ञान नव्हे. विरुद्ध बाजूचें पत्रही वाचलें पाहिजे. आणि मनस्ताप अशासाठीं, कीं माहिती हातीं आल्यावर गप्प बसतां येत नाहीं. अर्ज करावा लागतो, पत्र लिहावें लागतें, सभेंत उठून प्रश्न विचारावा लागतो, आणि शेजाऱ्याचा रोष पत्करावा लागतो.

एकट्यानें हें करून काय होणार, ही शंका मी पुष्कळदां ऐकतों. एकट्यानें फारसें होत नाहीं हें खरें. पण वर दिलेल्या उदाहरणांत एकटा असा कोणीच नव्हता, आणि फार मोठा समुदायही कोठें नव्हता. कांहीं प्राध्यापक, एक मासिक, एक चिकित्सक पत्रकार, दोन निर्भीड सभासद, कांहीं मजूर, एवढींच माणसें होतीं. आगरकरांचें दुसरें दार आज एकट्याच्या खांद्यास रेटत नसेल; दहाजणांनीं मिळून रेटलें तर तें हलतें, हा गेल्या तीस वर्षांचा अनुभव आहे. तें हललें म्हणजे निवडणुका निर्दोष होतील, असें आश्वासन कोणास देतां येणार नाहीं. उघड्या डोळ्यांनीं दिलेलें मतही चुकूं शकतें. पण चुकलेलें कां होईना, तें देणाराचें स्वतःचें असेल, आणि स्वतःची चूक मनुष्य पुढील खेपेस दुरुस्त करूं शकतो. दुसऱ्यानें आपल्या नांवानें केलेली चूक दुरुस्त करण्याचा उपाय मात्र पांच वर्षांनीं येणाऱ्या पेटींतही सांपडत नाहीं.